वाद्यप्रधान पोस्ट-रॉक कसे ऐकावे: पुण्यातील नव्या श्रोत्यासाठी

वाद्यप्रधान पोस्ट-रॉक ऐकायला पहिल्यांदाच बसलेला श्रोता साधारण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एकच तक्रार करतो, की अजून काही सुरूच झालेले नाही. गायकाचा पत्ता नाही, परतून येणारे धृपद नाही, एक गिटार तेच चार-पाच स्वर पुन्हा पुन्हा वाजवते आहे आणि ड्रमवादक झांजेवर हलक्या हाताने काठी टेकवतो आहे, एवढेच त्याच्या कानी पडते. ही तक्रार मी स्वतःही केलेली आहे. कोथरूडहून हडपसरला जाणाऱ्या बसमध्ये, कानात साधे इअरफोन घालून, मी या प्रकारातली पहिली रचना ऐकली. पहिली पाच मिनिटे इंजिनाच्या आवाजात बुडून गेली, पुढची तीन मिनिटे एकदम कानावर आदळली आणि हे संगीत आपल्यासाठी नाही असे ठरवून मी ते दोन वर्षे बाजूला ठेवले. दोष रचनेचा नव्हता. या संगीतात ऊर्जा साठवली जाते, आणि ती साठवताना गेलेला वेळ हाच रचनेचा मुख्य भाग असतो. तो वेळच ऐकू आला नाही, तर शेवटी उरतो तो निव्वळ गोंगाट. विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या आणि दर भाद्रपदात ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभे राहिलेल्या पुणेकराला हे संगीत समजून घेण्याची बरीचशी तयारी आधीच मिळालेली असते. ती तयारी कामाला कशी लावावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

नावाविषयी थोडेसे

‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा सायमन रेनल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ साली रूढ केली. गिटार, बेस गिटार आणि ड्रम ही रॉकचीच वाद्ये घ्यायची, मात्र त्यांचा उपयोग रॉकच्या ठरावीक गाण्यासाठी न करता ध्वनीचे पोत आणि रंग निर्माण करण्यासाठी करायचा, असा त्याचा आशय होता. त्याआधी टॉक टॉक या इंग्लिश बँडचे १९८८ आणि १९९१ चे अल्बम, तसेच अमेरिकेतील लुइव्हिल शहरातील स्लिंट या बँडचा १९९१ सालचा ‘स्पायडरलँड’ यांनी ही वाट मोकळी केली होती. या सुरुवातीच्या कामांत शब्द होते. शब्द बाजूला सारून केवळ वाद्यांवर उभी राहिलेली शाखा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ठळक झाली आणि आज सामान्यपणे ‘पोस्ट-रॉक’ म्हटल्यावर बहुतेकांच्या मनात तीच येते. नावावरून होणारे वाद नव्या श्रोत्याने सरळ बाजूला ठेवावेत. त्या वादांनी ऐकण्यात काही भर पडत नाही.

पहिली पायरी: जागा, वेळ आणि आवाजाची पातळी

या संगीतातील सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांच्यातले अंतर चित्रपटगीतांच्या तुलनेत फार मोठे असते. म्हणूनच जिथे सतत काहीतरी गुरगुरत असते अशी जागा टाळावी. बस, रिक्षा, दुचाकी यांचा प्रश्नच येत नाही, पण घरातला छताचा पंखा, शेजारच्या खोलीतला दूरचित्रवाणी संच आणि पावसाळ्यात पत्र्यावर पडणारा पाऊस हेसुद्धा पहिली काही मिनिटे गिळून टाकतात. रात्री साडेदहानंतरची वेळ सर्वांत चांगली. पेठांमध्ये राहणाऱ्यांना गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी शांतता मिळणे कठीण असते. त्यांनी पहाटेचा विचार करावा.

साधनांवर फार खर्च करण्याची गरज नाही. तरीही फोनच्या अंगच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये, कारण बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि तेवढ्या खालचा ध्वनी त्या इवल्याशा स्पीकरमधून जवळपास येतच नाही. ढोलावरची थाप काढून टाकून फक्त टिपरूचा आवाज ठेवला तर पथकाचे जे होईल, तेच इथे होते. कान पूर्ण झाकणारा साधा तारेचा हेडफोन पुरेसा आहे. तो आणि फोनला लागणारा जोडणीचा अडॅप्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. घेण्यापूर्वी दुकानातच एक रचना लावून खालचे स्वर येतात की नाही हे तपासावे.

ऐकण्याच्या ॲपमधील तीन गोष्टी बंद कराव्यात. रचनांचा क्रम उलटसुलट करणारी सोय नको, एका रचनेचा शेवट दुसरीच्या सुरुवातीत मिसळणारी सोय नको, आणि आवाज सपाट करणारा कोणताही ‘बूस्ट’ किंवा इक्वलायझर नको. या प्रकारातील अनेक अल्बम सलग ऐकण्यासाठी बांधलेले असतात आणि दोन रचनांमधली शांतताही मोजून ठेवलेली असते.

आता आवाजाची पातळी. नवखा श्रोता सुरुवातीचा हळू भाग नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवतो आणि सात मिनिटांनी कळस आला की दचकून हेडफोन काढतो. याच्या उलट करावे. रचना पुढे सरकवून सर्वांत मोठा भाग आधी शोधावा, तो भरदार पण सोसवेल इतका लागेल अशी पातळी ठरवावी, मग सुरुवातीला परत यावे आणि शेवटपर्यंत त्या बटणाला हात लावू नये. सुरुवात इतकी हळू वाटेल की कान पुढे करावा लागेल, आणि कान पुढे करणे हेच तर अपेक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, मात्र पातळी ९० डेसिबलवर गेली की ती मर्यादा केवळ ४ तासांवर येते. कळसाच्या भागात ही पातळी नकळत ओलांडली जाते, म्हणून हे आकडे ध्यानात असावेत.

दुसरी पायरी: पहिल्या दोन रचना

सुरुवात अमेरिकेतील ऑस्टिनच्या ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ या बँडपासून करावी, असे माझे मत आहे. त्यांच्या २००३ सालच्या ‘द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस’ या अल्बममध्ये पाचच रचना आहेत आणि सगळा अल्बम पाऊण तासात संपतो. त्यातली शेवटची, सुमारे आठ मिनिटांची ‘युअर हँड इन माइन’ ही रचना आधी घ्यावी. इथे गिटारींचे स्वच्छ स्वर एकमेकांत विणले जातात, सुरावट गुणगुणता येते आणि आवाज चढतो तेव्हाही तो अंगावर येत नाही. या बँडने २००४ साली टेक्सासमधील शालेय अमेरिकन फुटबॉलवरच्या एका चित्रपटाला संगीत दिले आणि त्यातून हा ध्वनी पुष्कळ लोकांपर्यंत पोहोचला.

दुसरी रचना स्वभावाने अगदी वेगळी असावी. ग्लासगोच्या ‘मोग्वाय’ या बँडने १९९७ साली काढलेल्या ‘यंग टीम’ या पहिल्या अल्बमच्या शेवटी ‘मोग्वाय फिअर सेटन’ ही सोळा मिनिटांची रचना आहे. तीन कॉर्डची (एकत्र छेडलेल्या स्वरसमूहांची) एकच साखळी सुरुवातीपासून अखेरपर्यंत फिरत राहते. बदलते ते बाकी सगळे: ड्रमचा रेटा, गिटारींची दाटी, मध्येच ऐकू येणारी पाश्चात्त्य बासरी, आणि एखाद्या ठिकाणी जवळपास सगळे ओसरून जाणे. माझी आत्या कित्येक वर्षे सवाई गंधर्व महोत्सवाला नेमाने जाते, तिला मी ही रचना ऐकवली, तेव्हा तिने डोळे मिटून दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “यांची सम कुठे आहे ते मला आधी सांग.” तिसऱ्या कॉर्डवरून साखळी पहिल्या कॉर्डवर परत येते ती जागा मी तिला हाताने दाखवली. पुढची चौदा मिनिटे ती प्रत्येक वेळी तिथे मान हलवत होती. रचना संपल्यावर तिने “फार मोठ्याने वाजवतात” एवढीच तक्रार केली, लांबीबद्दल नव्हे.

तिचा प्रश्न नव्या श्रोत्याने जसाच्या तसा उचलावा. रचना सुरू झाली की सुरावट कोणती, भाव कोणता, हे शोधण्याआधी आवर्तन किती लांब आहे आणि ते कुठे परत सुरू होते हे पकडावे. विलंबित एकतालात बारा मात्रांच्या एका आवर्तनाला पाऊण-एक मिनिट लागते आणि तरी आपण समेची वाट पाहत बसतो. त्या मानाने इथली आवर्तने बरीच आखूड असतात.

तिसरी पायरी: तीच रचना पुन्हा पुन्हा

दहा रचना एकेकदा ऐकण्यापेक्षा एकच रचना एका आठवड्यात चार-पाच वेळा ऐकावी. पहिल्यांदा काहीही न शोधता ऐकावे. दुसऱ्यांदा फक्त ड्रमकडे लक्ष द्यावे: वादक काठी कुठे टेकवतो आहे, मिटलेल्या जोडझांजेवर, मोठ्या झांजेच्या मध्यावर की तिच्या कडेवर, आणि पायाचा मोठा ड्रम पहिल्यांदा कधी येतो. तिसऱ्यांदा बेस गिटार ऐकावी. ती बहुधा उशिरा येते आणि आली की खोलीला जमीन मिळाल्यासारखे वाटते. चौथ्यांदा गिटारी मोजाव्यात. दोन आहेत की तीन, कोणती उजव्या कानात आहे आणि कोणती डाव्या, हे हेडफोनवर सहज कळते.

यानंतर एक कागद घ्यावा. आडव्या रेषेवर मिनिटे लिहावीत आणि रचना ऐकता ऐकता, ध्वनी किती भरला आहे त्याप्रमाणे, पेन्सिलीने वरखाली रेघ ओढत जावे. नवे वाद्य आले की तिथे खूण करावी, एखादे वाद्य गेले की फुली मारावी. पाच-सहा रचनांचे असे कागद एकमेकांशेजारी ठेवले की कोणता बँड सरळ चढण बांधतो, कोणता दोनदा चढून उतरतो आणि कोणाची रेघ तुटक आहे, हे डोळ्यांना दिसते. माझ्याकडचे असे जुने कागद मी अजून जपून ठेवले आहेत, कारण त्यांतल्या फुल्यांनी मला खुणांपेक्षा जास्त शिकवले. वाद्य कधी येते हे आपण ऐकतोच, ते कधी निघून गेले हे बहुतेक वेळा निसटते.

चौथी पायरी: ऊर्जा कशी साठते हे ओळखणे

गणेशोत्सवापूर्वी संध्याकाळी नदीपात्रात पथकांचा सराव चालतो तिथे एकदा मुद्दाम दूर उभे राहून ऐकावे. आधी एकट्या ताशाची तर्री येते. ती नुसती कडकडत राहते, ढोल गप्प असतात, आणि त्या गप्प राहण्यानेच ताण वाढतो. मग ठेका येतो, मग सगळे ढोल एकदम. आवाज किती मोठा आहे याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परिणाम तो किती वेळ रोखून धरला होता याचा होतो. पोस्ट-रॉकची बांधणी याच तत्त्वावर चालते आणि त्यासाठीचे उपाय मोजके, ओळखता येण्याजोगे आहेत.

त्यांतला पहिला म्हणजे वारंवारतेचा पट्टा हळूहळू भरणे. सुरुवातीला मधल्या सप्तकातली एक गिटार असते. खाली काही नाही, वर काही नाही. मग बेस येऊन खालचा भाग भरते, मग झांजा उघडून वाजू लागतात आणि वरचा भाग भरतो. प्रत्येक वादकाने हात तेवढाच ठेवला तरी एकूण ध्वनी मोठा झाल्यासारखा वाटतो.

दुसरा उपाय म्हणजे एकच स्वर अतिशय वेगाने छेडत राहणे. १२० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा असताना, एका मात्रेला चार आघात केले तर सेकंदाला आठ होतात आणि तुटक स्वरांची सलग रेघ तयार होते. सतारीच्या झाल्यात चिकारीच्या तारा जो भराव करतात, त्याच्याशी याचे नाते जवळचे आहे. टोकियोच्या ‘मोनो’ या बँडची वादनशैली मोठ्या प्रमाणावर याच छेडण्यावर उभी आहे.

तिसरा उपाय डिले या पेडलचा, म्हणजे गिटारला जोडून पायाने चालवायच्या छोट्या यंत्राचा. वाजवलेला स्वर ठरलेल्या अंतराने पुन्हा ऐकवणारे हे साधन आहे. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. पेडलवर ३७५ मिलिसेकंदांचे अंतर लावले की प्रतिध्वनी पाऊण मात्रेने येतो. वादकाने साधे अर्ध्या मात्रेचे स्वर वाजवले तरी मूळ स्वर आणि पाऊण मात्रेने मागून येणारे प्रतिध्वनी एकमेकांच्या मधल्या जागांत बसतात आणि ऐकणाऱ्याला पाव मात्रेची धावती नक्षी ऐकू येते. एका माणसाच्या हातून दोघांचे वादन निघते. ‘पाऊण’ हा शब्द आपल्या भाषेत रोजचा असल्यामुळे मला हे गणित समजायला वेळ लागला नाही.

चौथा उपाय डिस्टॉर्शनचा, म्हणजे ध्वनी मुद्दाम विकृत करण्याचा आहे आणि त्याविषयी गैरसमज फार आहेत. गिटारच्या विद्युत संकेताच्या लहरींची टोके छाटली की त्यात मूळ स्वराचे अनेक उपस्वर (त्याच्यासोबत निघणारे वरचे स्वर) वाढतात आणि हळू-मोठ्या आघातांतला फरक पुसला जातो, म्हणजे स्वर लांबतो आणि सपाट, दाट होतो. अशा ध्वनीत गंधारासकट पूर्ण कॉर्ड वाजवली तर ती गढूळ होते, म्हणून वादक बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच घेतात; ३:२ या सरळ प्रमाणामुळे या दोन स्वरांच्या मिश्रणातून निघणारे नवे स्वरही त्याच उपस्वरमालेत बसतात. तानपुऱ्याच्या तारा पंचम आणि षड्जात मिळवल्यावर जो भरलेला नाद निर्माण होतो, त्याचे कारण शोधत गेले तर आपण याच प्रमाणापाशी येतो. कळसाच्या भागात भिंतीसारखा वाटणारा आवाज नीट ऐकला, तर त्याच्या आत असा एक स्थिर षड्ज-पंचम सापडतो आणि मग ती भिंत गोंगाट वाटेनाशी होते.

शेवटचा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कळसाच्या ऐन आधी काहीतरी काढून घेतले जाते. बेस आणि ड्रम दोन-चार आवर्तने थांबतात, उरते ती एखादी गिटार, कधी नुसता पेडलचा गुणगुणाट. कान त्या हळू पातळीला सरावतो आणि मग सगळे एकत्र परत येतात तेव्हा तोच आवाज आधीपेक्षा मोठा भासतो. पहिल्याच अल्बममधील ‘लाइक हेरड’ या रचनेत मोग्वायने ही युक्ती इतक्या आकस्मिकपणे वापरली आहे, की हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ती मी पूर्वसूचना दिल्याशिवाय ऐकवणार नाही.

पाचवी पायरी: गुंतागुंत उलगडणे

ऊर्जा अंगाला कळते. गुंतागुंतीसाठी मोजावे लागते. तिचे दोन-तीन वेगळे प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

लयीची गुंतागुंत मराठी श्रोत्याला सर्वांत सोपी जावी. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुतांशी चार मात्रांत चालते, त्यामुळे सात मात्रांची रचना तिकडच्या श्रोत्याला अवघड वाटते, तर आपल्याकडे ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’ हा रूपक लहान मुलेही हातावर मोजतात. सातांची रचना भेटली की तिची विभागणी ३-२-२ आहे की २-२-३, हे आधी पाहावे, कारण तीनाचा गट शेवटी असेल तर रूपकाच्या सवयीने मोजताना हमखास चुकायला होते. दहा असतील तर झपतालाचे २-३-२-३ लावून पाहावे. बसले नाही तर पाच-पाच करावेत. त्यापुढची पायरी म्हणजे दोन वाद्यांची आवर्तने वेगवेगळ्या लांबीची असणे. ड्रमवादक चार मात्रांत वाजवतो आहे आणि गिटारची आकृती पाच मात्रांची आहे, असे असेल तर दोघे वीस मात्रांनी एकत्र येतात. मधल्या काळात दोघे एकमेकांपासून सरकत असल्याचा भास होतो. अशा ठिकाणी एका हाताने ड्रमचे चार मोजावेत, गिटार फक्त ऐकावी आणि दोघे भेटतात ती जागा येऊ द्यावी. यासाठी टोकियोचा ‘टो’ हा बँड उत्तम. त्यांचा ड्रमवादक गिटारींच्या नाजूक विणीवर इतके बोलके वादन करतो, की तबल्याच्या साथीची सवय असलेला कान तिथे लगेच रमतो.

थरांची गुंतागुंत वेगळी असते. तिथे प्रत्येक वाद्याचे काम साधे असते, पण वाद्ये पुष्कळ असतात. माँट्रियलच्या ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ या बँडमध्ये अनेक गिटारी, दोन ड्रमवादक आणि व्हायोलिन अशी मोठी मंडळी आहे. त्यांच्या २००० सालच्या ‘लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन’ या जोडअल्बममध्ये चारच रचना असून प्रत्येक साधारण १९ ते २३ मिनिटांची आहे. त्यात ध्वनिमुद्रित केलेले माणसांचे बोलणे येते, वाद्यांचे लोट येतात, मग लांबच लांब पडीक जागेसारखी शांतता येते. एका बैठकीत एकच रचना ऐकावी आणि प्रत्येक वेळी एकाच वाद्याचा माग काढावा. व्हायोलिनपासून सुरुवात केल्यास सोपे जाते.

आकाराची गुंतागुंत शिकागोच्या ‘टॉर्टस’कडे आहे. १९९६ सालच्या अल्बममधील त्यांची ‘जेड’ ही रचना सुमारे २१ मिनिटे चालते आणि तिच्यात कळस असा शोधूनही सापडत नाही. मरिंबा आणि व्हायब्राफोन या काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या वाद्यांच्या आवर्तनांतून ती एका खोलीतून दुसरीत गेल्यासारखी पुढे सरकते, मध्येच फीत बिघडल्यासारखा आवाज येतो आणि तोही रचनेचाच भाग असतो. चढण आणि कळस एवढीच अपेक्षा घेऊन आलेला श्रोता इथे निराश होतो, म्हणून ही रचना मी मुद्दाम पाचव्या पायरीवर ठेवली आहे.

सहावी पायरी: पुढे काय ऐकावे आणि काय टाळावे

इतके झाल्यावर श्रोत्याला स्वतःची आवड कळू लागते. वाद्यवृंदाची भव्यता हवी असेल त्याने मोनोचा २००९ सालचा ‘हिम टू द इमॉर्टल विंड’ ऐकावा. इलेक्ट्रॉनिक ठेक्यांची घाई आवडत असेल तर शेफील्डचा ‘सिक्स्टीफाइव्ह-डेज-ऑफ-स्टॅटिक’. मेटल या जड रॉकप्रकाराचे वजन हवे असेल तर शिकागोचे ‘रशियन सर्कल्स’, ज्यांत गिटार, बेस आणि ड्रम असे तिघेच आहेत. आइसलँडच्या ‘सिगूर रोस’मध्ये गायन आहे, तरीही त्यांना वगळू नये: गिटारवर गज फिरवून काढलेला त्यांचा लांब स्वर आणि काही रचनांत अर्थ नसलेल्या अक्षरांत केलेले गायन यांमुळे आवाजही तिथे वाद्यासारखाच वागतो. आपल्याकडे तराणा ऐकलेल्यांना त्यात परके काही वाटू नये. भारतात ‘ॲजवीकीपसर्चिंग’ हा अहमदाबादेतून पुढे आलेला बँड या ध्वनीत हिंदी शब्दही गुंफतो. मातृभाषेजवळचे काही हवे असेल तर तिथून सुरुवात करायलाही हरकत नाही.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. या प्रकाराला यश मिळाल्यावर ‘तीन मिनिटे हळू, मग चढण, मग सगळे पेडल एकदम’ या साच्यातली शेकडो ध्वनिमुद्रणे निघाली. त्यांत उपाय सगळे असतात, पण मूळ सुरावटीत चढण पेलण्याचे बळ नसते. ओळखायचे कसे? कळस वगळून पहिली तीन मिनिटेच पुन्हा ऐकावीत. ती स्वतंत्रपणे ऐकावीशी वाटली तर रचना खरी. केवळ पुढे काही येणार आहे म्हणून ती सोसावी लागत असतील, तर दुसरे काही लावावे. अभ्यास करताना मागून चालवून ठेवण्यासाठी हे संगीत वापरण्याची पद्धत हल्ली फार आहे. तसे करण्यात गुन्हा नाही, मात्र जी रचना समजून घ्यायची आहे ती तरी त्यासाठी खर्च करू नये.

जे स्वतः गिटार वाजवतात त्यांच्यासाठी एवढेच. पेडलांची रांग विकत घेण्याआधी एक डिले पुरेसा आहे. दोन कॉर्ड घ्याव्यात, त्यांवर दहा मिनिटे राहावे आणि त्या दहा मिनिटांत एकही नवी कॉर्ड न आणता, केवळ आघाताचा जोर, सप्तक आणि शांतता बदलून काय काय होते ते पाहावे. दुसरा वादक आला की त्याने पहिली पाच मिनिटे काहीही वाजवू नये. हा नियम पाळणे फार जड जाते आणि त्यातूनच सर्वांत जास्त शिकायला मिळते.

सातवी पायरी: प्रत्यक्ष मैफल

एनएच-सेव्हन वीकेंडर या महोत्सवाची सुरुवात २०१० साली पुण्यातच झाली आणि त्यानंतर स्वतंत्र बँड प्रत्यक्ष ऐकण्याची सवय या शहरात बरीच वाढली. एरवी असे कार्यक्रम कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा या बाजूच्या ठिकाणी होतात. तिथे शक्यतो वेळेआधी पोहोचावे आणि उभे राहण्याची जागा विचार करून निवडावी. मंचाच्या अगदी पुढे गिटारचा अँप्लिफायर थेट कानात जातो आणि बाकी काही कळत नाही. ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाच्या आसपास, शक्य तितके मध्यावर उभे राहिले की तो स्वतः जे ऐकून जुळवतो आहे तेच आपल्यालाही मिळते. बारच्या काउंटरजवळ उभे राहू नये, कारण हळू भागात ग्लासांचा आणि गप्पांचा आवाज वाद्यांवर मात करतो.

कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. ते खिशात असावेतच. कळस सुरू झाल्यावर ते शोधू नयेत, हळू भाग चालू असतानाच घालावेत. बेसचा कंप छातीला आणि तळपायांना जाणवतो, बोळ्यांनी त्यात काही कमी होत नाही. काही बँड मागे चित्रफिती दाखवतात. गॉडस्पीड तर सोळा मिलिमीटरच्या फिल्मचे तुकडे प्रत्यक्ष प्रोजेक्टरवर फिरवत वाजवतो. तेव्हा थोडा वेळ पडद्याकडे आणि थोडा वेळ डोळे मिटून, असे आलटून पालटून ऐकावे.

रचना संपते आहे हे ओळखणे हे शेवटचे कौशल्य. ड्रम थांबतात, वादक तारांवरून हात उचलतात, पण अँप्लिफायर चालूच असतो आणि गिटारचा नाद खोलीत घुमत राहतो. कधी एखादा वादक खाली वाकून पेडलची कळ हळूहळू फिरवत तो नाद मिनिटभर विरघळवत नेतो. त्या मिनिटात टाळी वाजवू नये, फोन काढू नये. वादक उठून सरळ उभा राहिला आणि अँप्लिफायरची खरखर तेवढी उरली की मग टाळी द्यावी.